घरच्या कोरल टाकीत मासे ठेवावेत का? खानदेशच्या उन्हाळ्यात हा निर्णय कसा घ्यावा

कोरलच्या, म्हणजे प्रवाळाच्या टाकीत मासे असलेच पाहिजेत असा नियम नाही. प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते, ते प्रकाशातून अन्न तयार करते आणि प्रवाळाची बहुतेक भूक त्यातूनच भागते. तरीही पाण्यात थोडे नत्र आणि थोडे फॉस्फेट लागतेच, आणि हा पुरवठा मासे आपल्या उत्सर्जनातून अनायासे करतात. कॅरिबियन समुद्रातील १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या प्रवाळांवर ग्रंट जातीच्या माशांचे थवे दिवसा विसावतात ते प्रवाळ अधिक वेगाने वाढतात, असे आढळले होते. तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबार या भागात टाकी लावणाऱ्याने मासे जरूर ठेवावेत; मात्र ते थोडे असावेत, उशिरा आणावेत आणि मे महिन्यात वीज गेलेल्या दुपारी टाकी जितके सांभाळू शकेल तितकेच असावेत.

पुढील विवेचनासाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी गृहीत धरली आहे. खडक आणि वाळूची जागा वजा जाता तिच्यात साधारण २०० लिटर पाणी राहते.

पहिली पायरी: पाणी आणि टाकी तयार करणे

केळीपट्ट्यातील बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात आणि खतांमुळे नायट्रेटही असू शकते, हे धरूनच चालावे. आरओचे आणि त्यापुढे डीआय (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या) फिल्टरमधून काढलेले, टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, शून्याच्या जवळपास दिसणारे पाणीच वापरावे. स्वयंपाकघरातील आरओ यंत्र चवीसाठी काही क्षार राखते, त्यामुळे ते पुरेसे नाही. सुरतेकडून कॅन भरून समुद्राचे पाणी आणण्याचाही मोह होतो. पण आपलीच तापी तिथे समुद्राला मिळते आणि तो किनारा गढूळ असतो. बाजारात मिळणारे कोरल टाकीचे मीठ लिटरला सुमारे ३५ ते ३८ ग्रॅम घालावे आणि खारेपणा विशिष्ट गुरुत्वाच्या मापाने १.०२५ वर आणावा.

त्यानंतर चार ते सहा आठवडे टाकीत मासा सोडू नये. या काळात चिमूटभर फिशफूड टाकून अमोनिया होऊ द्यावा. जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करू लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टाकी तयार झाली असे समजावे.

दुसरी पायरी: आधी कोरल

खडक तयार करणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि सागरी पंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. लक्षद्वीप, अंदमान किंवा मन्नारच्या आखातातून काढलेला तुकडा विकत घेणे गुन्हा आहे. तिथून आणलेला ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे सूक्ष्मजीव वसलेला समुद्रातला खडकही, बहुधा प्रवाळाचा सांगाडाच असतो. म्हणून खडक कृत्रिम घ्यावा आणि झोअँथिड, मशरूम, लेदर यांसारख्या मऊ प्रकारांनी सुरुवात करावी. आयात केलेले काही घेत असल्यास कागदपत्रे मागून घ्यावीत. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर परत फिरावे. कोरल महिनाभर दिवसा नियमित उमललेले दिसले की माशांचा विचार करावा.

तिसरी पायरी: दुपारची चाचणी

हा या लेखाचा गाभा आहे. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा मुळातच कमी असतो. वीज जाऊन वेव्हमेकर (पाणी खेळते ठेवणारा पंप) थांबला की पृष्ठभाग शांत होतो आणि हवेतून येणारा प्राणवायूही घटतो. अशा वेळी बहुधा सर्वांत आधी मासेच धापा टाकू लागतात, पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात. आणि एक मासा खडकामागे मेला तरी त्याच्या कुजण्यातून सुटणारा अमोनिया उरलेल्यांना भोवतो.

म्हणून मासे आणण्यापूर्वी, एप्रिलमधल्या एखाद्या कडक दुपारी, टाकीचा मुख्य स्विच स्वतःच दोन तास बंद करावा आणि दर अर्ध्या तासाने पाण्याचे तापमान लिहून ठेवावे. एरवी ते २५ ते २७ अंश असावे. चाचणीत ते २९ च्या पुढे गेले तर टाकी खोलीच्या आतल्या भिंतीकडे हलवावी आणि चाचणी पुन्हा घ्यावी. सुधारणा झाली नाही, तर बिनमाशांची टाकीच बरी.

थंड करण्यासाठी चिलर महाग पडतो; पाण्यावर तिरका रोखलेला छोटा पंखा आपल्याकडे चांगले काम देतो, कारण उन्हाळ्यातली हवा कोरडी असते. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना २०० लिटर पाण्यातून सुमारे तीन अंशांइतकी उष्णता घेऊन जाते. पण त्याच खोलीत खिडक्या बंद ठेवून कूलर चालू असेल तर हवा आधीच दमट होते आणि पंख्याचा उपयोग निम्मासुद्धा राहत नाही. पावसाळ्यातही तोच अनुभव येतो. उडालेल्या पाण्याच्या जागी पहिल्या पायरीतले आरओ-डीआयचे पाणी मीठ न घालता वापरावे, कारण मीठ टाकीतच राहिलेले असते. वेव्हमेकर आणि पंखा इन्व्हर्टरवर घ्यावेत, शिवाय बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी ठेवावा. हिवाळ्यात रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा हीटर लागतोच.

चौथी पायरी: कोणते आणि किती

या टाकीत क्लाउनफिशची एक जोडी आणि एक लहान गोबी, एवढेच पुरे. क्लाउनफिश प्रजनन केंद्रातले घ्यावेत. त्यांच्या प्रजननाचे तंत्र कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केलेले आहे. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा असा मासा टाकीला आणि तयार खाद्याला लवकर सरावतो. समुद्रफूल (सी ॲनिमोन, ज्यात क्लाउनफिश एरवी राहतो तो प्राणी) नसल्यास क्लाउनफिश कधीकधी लेदर कोरललाच घर मानून अंग घासत राहतो. कोरल दिवसेंदिवस मिटलेले दिसले तर कोरलची जागा बदलावी.

बटरफ्लायफिश घेऊ नये, कारण त्यातील अनेक जाती प्रवाळाचे पॉलिप, म्हणजे त्यातले फुलासारखे लहान जीव, कुरतडतात. ट्रिगरफिश गोगलगाई आणि खेकडे खातो, तर टँगला पोहायला याहून बराच मोठा वाव लागतो. डॅमसेल स्वस्त मिळतो, आणि नंतर तो इतर कोणालाही टाकीत टिकू देत नाही.

दोन माशांमध्ये किमान तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे. क्लाउनफिशची जोडी मात्र एकत्रच सोडावी. दर आठवड्याला नायट्रेट मोजावे: ते २ ते १० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) राहिले तर माशांची संख्या योग्य आहे; ते सतत चढत असेल तर आधी खाद्य कमी करावे आणि २० लिटर पाणी बदलावे.

मासे न ठेवायचे ठरवले तर

तो निर्णयही चांगला आहे, पण टाकी उपाशी ठेवू नये. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले की कोरल फिकट पडतात आणि वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट थर चढतो. अशा टाकीत आठवड्यातून दोनदा, दिवे मालवल्यावर, बारीक कोरल फूड अगदी थोडे द्यावे आणि स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारे यंत्र) असल्यास तो काही तास बंद ठेवावा.

शेवटची पायरी: नवा मासा वेगळा ठेवणे

नव्या माशाला चार आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवावे. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो परजीवीचा रोग असतो आणि त्यावरचे नेहमीचे तांबेयुक्त औषध कोरलला मारते, म्हणून ते मुख्य टाकीत कधीही घालू नये. रोग मुख्य टाकीत शिरलाच तर सर्व मासे बाहेर काढून त्यांच्यावर वेगळे उपचार करावेत आणि मुख्य टाकी सुमारे अडीच महिने बिनमाशांची ठेवावी. मासा न मिळाल्याने परजीवी तेवढ्या काळात मरतो. या काळातही कोरलला वर सांगितल्याप्रमाणे खाद्य देत राहावे.