कोल्हापूरच्या मुलीला रोइंगमध्ये उतरायचं असेल तर

पहिलं काम पाण्यावरचं नाही. घरातल्या भिंतीला टाचा टेकवून उभं राहायचं आणि तीन मापं घ्यायची: उंची, दोन्ही हात पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर, आणि स्टुलावर ताठ बसून बैठकीपासून डोक्यापर्यंतची उंची. रोइंग म्हणजे सरकत्या सीटवर बसून वल्ह्यांनी होडी पळवण्याची शर्यत, आणि तिच्यात वल्ह्याचा पल्ला लांब हात आणि लांब पायांवर ठरतो. उंचीतून बैठकीची उंची वजा केली की पायांची लांबी कळते. म्हणून 172 सेंटीमीटर उंची आणि 178 चा हातपसारा असलेल्या मुलीला 174 उंची आणि 170 पसारा असलेल्या मुलीपेक्षा जास्त फायदा मिळतो.

मात्र नुसत्या आकड्यावरून कुणाला परत पाठवू नये. ब्रिटनमध्ये 2007 मध्ये उंच खेळाडू शोधण्याची मोहीम निघाली, तेव्हा मुलींसाठी अट होती 5 फूट 11 इंचांची. हेलन ग्लोव्हर तेवढी उंच नव्हती. मोजणीच्या वेळी ती चवड्यांवर उभी राहिली आणि आत शिरली. 2008 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी तिनं रोइंगला सुरुवात केली. त्याआधी ती हॉकी खेळत होती. 2012 आणि 2016 अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये तिनं हेदर स्टॅनिंगबरोबर पेअरचं (दोघींची होडी, प्रत्येकीकडं एक वल्हं) सुवर्ण जिंकलं, आणि तीन मुलं झाल्यावर 2024 ला पॅरिसमध्ये फोरचं (चौघींच्या होडीचं) रौप्य.

पालकांना हे मुद्दाम सांगावं लागतं. कुस्ती किंवा जलतरणाचा हिशोब इथं लागू पडत नाही. दहाव्या वर्षी सुरुवात झाली नाही म्हणजे गाडी सुटली, असं या खेळात नसतं. कॅथरीन ग्रेंजर एडिनबरा विद्यापीठात गेल्यावर वल्ही मारायला लागली. 2000, 2004 आणि 2008 ला तिला रौप्यच मिळालं. सुवर्ण मिळालं ते 2012 ला, छत्तिसाव्या वर्षी. न्यूझीलंडची एमा ट्विग सिंगल स्कलमध्ये (एकटीची होडी, दोन वल्ही) बीजिंगला नववी आली, लंडनला चौथी आणि रिओलाही चौथीच. त्यानंतर तिनं खेळ सोडला, पुन्हा परतली आणि टोकियोत 7 मिनिटं 13.97 सेकंदांत सुवर्ण घेतलं. रुमानियाच्या एलिझाबेटा लिपाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण 1984 चं आणि पाचवं 2004 चं.

त्यामुळे कोल्हापुरात सरळ, मोकळं पाणी सहज मिळत नाही ही मोठी अडचण नाही. चौदा ते सतरा ही वर्षं जमिनीवर नीट घालवली तर पुढं काही बिघडत नाही.

मशीनवर बसताना

शहरातल्या मोठ्या जिममध्ये बऱ्याचदा एक रोइंग मशीन कोपऱ्यात पडून असतं. ते कॉन्सेप्ट टू कंपनीचं असेल तर उत्तम, कारण निवड चाचण्याही बहुतेक त्यावरच होतात. पंख्याच्या बाजूला 1 ते 10 आकड्यांची खिट्टी असते. पोरं जिद्दीनं ती 10 वर नेतात आणि आठवड्याभरात कंबर धरून बसतात. 10 म्हणजे जास्त ताकद नव्हे. पंख्याला जास्त हवा मिळते, प्रत्येक ओढीला तो जड लागतो आणि होडी पाण्यात रुतल्यासारखं वाटतं, एवढाच त्याचा अर्थ.

खिट्टीचा आकडा बघायचाच नाही. मॉनिटरवर 'मोअर ऑप्शन्स'मध्ये 'डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर' (पंखा खरोखर किती जड लागतो याचा आकडा) निवडा, दहा-बारा वेळा ओढा आणि आकडा 105 ते 120 च्या दरम्यान येईपर्यंत खिट्टी हलवा. स्वच्छ मशीनवर तो साधारण 3-4 वर येतो. जाळीत धूळ साचली असेल तर त्याच आकड्यासाठी 6 वर जावं लागतं. म्हणूनच एका जिममधली खिट्टी दुसऱ्या जिममध्ये चालत नाही. साखळीला दर 50 तासांच्या वापरानंतर चमचाभर तेल आणि सीटच्या रुळाला रोज ओलं फडकं, एवढी निगा मालक करत नसेल तर आपण करावी.

पट्टा पायाच्या बोटांच्या मुळाशी, सगळ्यात रुंद भागावर यायला हवा. पुढं सरकल्यावर नडगी उभी झाली की थांबायचं. त्याहून पुढं गेलं की टाच फार उचलते, बूड टाचेला चिकटतं आणि पायांचा जोर वाया जातो.

एका ओढीचा क्रम असा: आधी पाय, मग कंबरेतून पाठ, शेवटी हात. परत जाताना बरोबर उलटा: हात, पाठ, पाय. ऐकायला सोपं आहे, पण चुकतं ते इथंच. पाय ढकलले जातात, सीट मागं पळते आणि हँडल मात्र जागच्या जागी. कारण त्या क्षणी पाठ आणि पोट ढिलं असतं. पायांची ताकद वाटेतच गळते आणि उरलेलं काम कंबरेवर येतं. तपासायचं कसं? मोबाइल सीटच्या उंचीला, बाजूला ठेवून वीस ओढींचं चित्रीकरण करा. सीट आणि हँडल एकाच क्षणी निघाले पाहिजेत. निघत नसतील तर रोज सुरुवातीला 5 मिनिटं फक्त पायांनी ओढा, हात सरळ आणि पाठ पुढं झुकलेलीच. त्यानंतर 5 मिनिटं पायाचे पट्टे सोडून. पट्टे नसले की शेवटी मागं कोलमडण्याची सवय आपोआप सुटते, नाहीतर मुलगी सीटवरून मागं पडते.

दुसरी चूक घाईची. मिनिटाला 20 ओढी म्हणजे एका ओढीला 3 सेकंद. त्यातला 1 सेकंद ओढण्याचा, 2 सेकंद परत जाण्याचे. नवशिकी मुलगी पुढं धावत जाते आणि मग दम लागला म्हणते. होडीत तर हे आणखी महागात पडतं. तिचं वजन मागच्या टोकाकडं जोरात सरकतं आणि चालती होडी अडखळते.

पहिले आठ आठवडे असे काढा. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. पहिल्या पंधरवड्यात 5 मिनिटांचे 4 तुकडे, मधे 2 मिनिटं विश्रांती, गती मिनिटाला 18 ओढी. पुढच्या पंधरवड्यात 10 मिनिटांचे 3. पाचव्या-सहाव्या आठवड्यात 15 मिनिटांचे 2, आणि शेवटी सलग 30 मिनिटं, गती 20. सगळं इतक्या सावकाश की शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. जिममधल्या दादांना हे पटत नाही. घाम निथळला नाही तर व्यायाम कसला, असं त्यांचं म्हणणं. पण ऑलिंपिकच्या रोअरसुद्धा बहुतेक किलोमीटर अशाच सावकाश घालतात.

2000 मीटरची, म्हणजे शर्यतीच्या अंतराची, चाचणी आठ आठवड्यांनंतरच घ्या, आणि तीही आकडे आधी कागदावर लिहून. समजा लक्ष्य 8:20 (8 मिनिटं 20 सेकंद) आहे, म्हणजे दर 500 मीटरला 2:05. वाटणी अशी ठेवा: 2:06, 2:06, 2:05, 2:03. होतं काय, तर मुलगी पहिले 500 1:54 मध्ये मारते आणि तिसऱ्या 500 ला 2:15 वर कोसळते. यामागं गणित आहे. वेग थोडा वाढवायला शक्ती त्याच्या घनाच्या प्रमाणात लागते. 2:05 ला 179 वॉट लागतात, 2:00 ला 202. वेग 4 टक्के वाढला, पण किंमत 13 टक्के. पुढची चाचणी 6 ते 8 आठवड्यांनी.

तालमीतलं काय घ्यायचं

बैठका जरूर घ्याव्यात. रोइंगची निम्म्याहून जास्त ताकद मांड्यांमधून येते. जोर मात्र ढकलण्याचा व्यायाम आहे आणि हा खेळ ओढण्याचा. त्यामुळे जोर थोडे कमी करून दोरीवर चढणं आणि सिंगल बारला लोंबकळून हनुवटी वर नेणं वाढवा. मल्लखांब केलेली मुलगी इथं हमखास पुढं असते, कारण मुठीत जीव असतो आणि पोट घट्ट असतं. डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहणं) शिकायचीच, पण जाणकार समोर असताना आणि पहिला महिना रिकाम्या बारनं.

पाणी

पोहणं आधी. विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलं पोहणं चांगलंच, पण ते पुरत नाही. अंगात टी-शर्ट आणि शॉर्ट असताना 100 मीटर पोहता आलं पाहिजे आणि 5 मिनिटं उभ्यानं तरंगता आलं पाहिजे. त्यानंतर एकच नियम पाठ करायचा: होडी उलटली तर होडी सोडायची नाही. किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत निघणाऱ्यांचाच घात होतो. उलटलेली होडीही तरंगते आणि तीच तुमचा आधार.

आता आपल्याकडच्या पाण्याबद्दल. रंकाळ्यावर सलग 2000 मीटर सरळ पट्टा नाही. वळणं घेत सराव होईल, शर्यतीचा अंदाज येणार नाही. पंचगंगेचं पाणी पावसाळ्यात सरळ विसरा. पुराबरोबर ओंडके येतात आणि कागदासारख्या पातळ होडीला एक ओंडका पुरतो. पाऊस सरल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबून संथ होतं. दिसायला ते आदर्श. पण रोअरची पाठ पुढं असते, तिला बंधारा दिसत नाही. वरच्या अंगाला किमान 200 मीटरवर खूण ठरवायची आणि तिथून वळायचंच. केंदाळ होडीच्या तळाच्या पातीत अडकलं की होडी सरळ जात नाही आणि मुलगी स्वतःच्याच वल्ह्याला दोष देत बसते. आधी तळ बघा. पाटबंधारे खात्याची किंवा महापालिकेची परवानगी, सोबत मोटारीची होडी आणि जाकीट, यांतलं एक जरी नसेल तर त्या दिवशी मशीन.

कृष्णाकाठच्या होड्यांच्या शर्यती बघून कुणी म्हणेल, हे तर आपलंच. ताकदीपुरतं खरं आहे. पण तिथं तोंड पुढं असतं आणि वल्हं हातात सुटं धरतात. इथं वल्हं होडीच्या बाहेर काढलेल्या रिगरच्या (धातूच्या चौकटीच्या) गेटमध्ये, म्हणजे खोबणीत, बसतं, सीट चाकांवर सरकते आणि जाण्याची दिशा पाठीमागं असते. जुनी सवय मोडावी लागते.

म्हणून खरी होडी पुण्यात. बारावीनंतर कॉलेज निवडताना ही गोष्ट डोक्यात ठेवा. सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब मुळेच्या काठावर आहे, लष्कराचं रोइंग केंद्रही पुण्यातच आहे. विद्यापीठ स्पर्धांमध्ये रोइंग आहे आणि खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतली रोइंग गोरखपूरच्या रामगढ तालावर झाली होती. केरळमधलं अलप्पुळा आणि ओडिशातलं जगतपूर इथं साईची (भारतीय क्रीडा प्राधिकरणाची) केंद्रं आहेत.

पहिल्याच दिवशी शर्यतीच्या सिंगलमध्ये बसू नका. तिची लांबी सुमारे 8 मीटर आणि पाण्यापाशी रुंदी जेमतेम फूटभर. शर्यतीत तिचं वजन किमान 14 किलो असावं लागतं, त्यावरून कल्पना करा. रुंद सरावाच्या होडीत किंवा चौघींच्या क्वाडमध्ये, तीन अनुभवी मुलींसोबत सुरुवात करा. बसण्याआधी दोन गोष्टी हातानं तपासा. टोकाला 4 सेंटीमीटरचा रबरी गोळा आहे का, आणि होडीतच बसवलेल्या बुटांच्या टाचा दोरीनं बांधलेल्या आहेत का. टाच 7 सेंटीमीटरपेक्षा जास्त उचलता कामा नये, म्हणजे होडी उलटल्यावर पाय आपोआप बुटातून निघतात. दोरी तुटकी असेल तर होडी पाण्यात घालायची नाही, प्रशिक्षक कितीही म्हणोत.

वल्ह्याचं पातं तिरकं पाण्यात शिरलं की ते खाली खेचलं जातं आणि दांडा पोटात बसतो. याला क्रॅब म्हणतात. कारण बहुतेकदा घट्ट मूठ. मनगट लॉक होतं आणि पातं पूर्ण उभं राहत नाही. दांडा बोटांनी धरायचा, तळव्यानं नाही.

वय, वजन, अंग

ज्युनिअर गटात वयाची 18 वर्षं पूर्ण होतात त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत खेळता येतं, आणि 23 वर्षांखालील गटात 22 पूर्ण होतात त्या वर्षाअखेरपर्यंत. 2010 चा जन्म असेल तर ज्युनिअर 2028 पर्यंत, पुढचा गट 2032 पर्यंत.

59 किलोच्या आतल्या मुलींसाठी ऑलिंपिकमध्ये लाइटवेट डबल (कमी वजनाच्या दोघींची शर्यत) होती. पॅरिसनंतर ती बंद झाली. लॉस एंजेलिसला 2028 मध्ये तिच्या जागी समुद्रावरच्या शर्यती येत आहेत आणि नेहमीच्या शर्यतींचं अंतरही तिथं 1500 मीटर असेल. आपल्याकडच्या मुलींसाठी ही वाईट बातमी होती. तरीही वजन घटवण्याचे जुने सल्ले अजून फिरत असतात. ते आता निरर्थक आहेत. खा. दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध उकळून, भाकरी, अंडी, मटण, कडधान्यं. सकाळच्या सरावाआधी केळं आणि नंतर अर्ध्या तासात पोटभर नाश्ता. कटाची मिसळ रविवारी. पाळी सलग तीन महिने आली नाही तर तो तंदुरुस्तीचा पुरावा नव्हे, खाणं कमी पडत असल्याची खूण आहे. डॉक्टरकडं जा, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. बरगडीत एका ठिकाणी टोचून दुखत असेल, खोकताना किंवा कूस बदलताना वाढत असेल तर ओढणं त्याच दिवशी बंद. रोअरच्या बरगडीला सततच्या ताणानं बारीक तडा जातो आणि भरून यायला काही आठवडे लागतात. दुखणं दाबून ओढलं तर आठवड्यांचे महिने होतात.

भारताची एकही महिला रोअर अजून ऑलिंपिकला गेलेली नाही. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत प्रतिमा पुहान आणि प्रमिला प्रवा मिंझ यांनी पेअरमध्ये कांस्य आणलं होतं. आणि चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर हा खेळ शिकला आणि रिओला सिंगलमध्ये तेरावा आला.

पुण्याला पहिल्यांदा जाताना अंगाला चिकटून बसणारा टी-शर्ट घाला. सैल कापड सीटच्या चाकात ओढलं जातं. दोन जोड जाड मोजे, टोपी, पाण्याची दीड लिटरची बाटली. हातमोजे नकोत, दांड्याचा अंदाज जातो. फोड येतीलच. ते फोडू नका. फुटलेच तर साबणानं धुवून रात्री मोकळे सोडा आणि दुसऱ्या दिवशी वर चिकटपट्टी लावा. दुसऱ्याचं वल्हं हातात घेण्याआधी दांडा पुसून घ्या.