मेफ्लायच्या स्पिनरला ट्राऊट तोंड का लावत नाही? बांधतानाच्या आणि टाकतानाच्या या चुका टाळा

नाशिकच्या पाण्यात ट्राऊट नाही, कारण या माशाला वर्षभर थंड आणि प्राणवायूने भरलेले वाहते पाणी लागते. तरीही हिमाचलातील तीर्थन किंवा काश्मीरमधील लिद्दर नदीवर जाण्यासाठी घरी बसून फ्लाय, म्हणजे हुकावर पिसे-धागे बांधून केलेला नकली कीटक, बांधणारे हौशी आपल्याकडे आहेत, आणि परतल्यावर त्यांची तक्रार बहुधा एकच असते: संध्याकाळी मासे डोळ्यांदेखत वर येत होते, पण आमची फ्लाय सोडून बाकी सगळे खात होते. मग दोष रंगाला दिला जातो. वास्तविक आधी फ्लाय प्रवाहाबरोबर मोकळी वाहते का ते तपासावे, नंतर ती पाण्यावर कशी बसते ते पाहावे, आणि रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

स्पिनर ही मेफ्लाय या पाण्यातून निघणाऱ्या कीटकाची अखेरची अवस्था, आणि तिची नक्कल करणाऱ्या फ्लायलाही स्पिनरच म्हणतात. पाण्यातून बाहेर पडलेला, धूसर पंखांचा कीटक आणखी एकदा कात टाकतो, त्याचे पंख पारदर्शक होतात, आणि मीलन व अंडी घालणे उरकल्यावर तो पंख दोन्ही बाजूंना पसरून पृष्ठभागावर निपचित पडतो. आता तो उडून जाणार नसल्याने ट्राऊटही उसळी न मारता त्याला अलगद ओढून घेतो. म्हणूनच नेहमीच्या ड्राय फ्लायप्रमाणे (पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायप्रमाणे) हॅकलचे, म्हणजे कोंबड्याच्या पिसाचे, दाट कडे गुंडाळणे ही बांधणीतील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. अशी फ्लाय पिसांच्या टोकांवर उभी राहते, तर स्पिनर पाण्याच्या पातळ पडद्यात सपाट रुतलेला हवा. गावरान कोंबड्याच्या मानेचे पीस वापरायला हरकत नाही. मात्र गुंडाळून झाल्यावर खालच्या बाजूचे तंतू कात्रीने साफ कापावेत.

पंखांसाठी धागा वापरणारे आणखी एका ठिकाणी फसतात. मेन रोडवरच्या दुकानात ‘सिंथेटिक लोकर’ म्हणून मिळणारा धागा बहुतेक वेळा अॅक्रिलिकचा असतो आणि तो पाण्यापेक्षा जड असतो. आपल्याला हवा असतो तो पाण्यापेक्षा हलका पॉलिप्रॉपिलीन. पेलाभर पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा, धाग्याचा तुकडा बोटांनी दाबून त्यातील हवा पूर्ण काढावी आणि सोडून द्यावा. तुकडा वर आला तर ठेवावा, तळाला गेला तर तो विणकामाला द्यावा. हा धागा हुकाच्या दांडीवर आडवा ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फेरे देऊन पक्का करावा. प्रत्येक पंख साधारण हुकाच्या दांडीइतका लांब ठेवावा आणि तो विरळच असावा. एक बाजू जड झाली की फ्लाय हवेत भिरभिरते आणि टिपेटला, म्हणजे फ्लाय जिला बांधतात त्या बारीक दोरीला, पीळ पडतो. टिपेट वारंवार गुंतत असेल तर पंख तपासावेत.

अंग बारीक हवे, नुसत्या धाग्याचे असले तरी चालते. शेपटीचे दोन-तीन ताठ तंतू फाकवून बांधावेत, म्हणजे फ्लाय कलंडत नाही. तरंगवणारे जेल फक्त पंखांना, तेही नावापुरते लावावे. टिपेटला ते मुळीच लागू देऊ नये.

आता मुख्य दुखणे. आपल्याकडचा सराव बहुतेक गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर होतो, आणि तिथे पाणी स्थिर असल्यामुळे ताणलेली दोरी फ्लायला ओढते हे कधी लक्षातच येत नाही. नदीत मधली धार वेगाने वाहते, ती दोरीला पोटाशी वाकवते आणि फ्लाय पाण्यावर बारीक रेघ ओढत सरकते. मेलेला कीटक असा सरकत नाही, हे ट्राऊटला पक्के कळते. यावर उपाय म्हणजे दोरी टाकतानाच तिच्यात ढील ठेवणे, दोरी हवेत असतानाच हातातली गळाची दांडी प्रवाहाच्या वरच्या दिशेला नेणे, आणि ९ ते १२ फुटांच्या लीडरला (मुख्य दोरीच्या पुढच्या निमुळत्या दोरीला) ५एक्स किंवा ६एक्स जाडीचे बारीक टिपेट जोडणे. हुकाचे टोक पक्कडीने तोडून हाच सराव एखाद्या वाहत्या ओढ्यावर करावा.

वेळ चुकली तर यातले काहीच उपयोगी पडत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत वितळलेल्या बर्फाने नद्या फुगतात, आणि सोसाट्याच्या वाऱ्यात स्पिनर पाण्यावर उतरतच नाहीत. संध्याकाळी वारा पडेपर्यंत थांबावे. अंधुक उजेडात फ्लाय दिसत नाही, म्हणून पाठीवर नारिंगी धाग्याचा छोटा झुबका बांधावा. मासा वर आलेला दिसताच हिसका देऊ नये. त्याने तोंड मिटून खाली वळेपर्यंत थांबावे आणि मग दांडी नुसती उचलावी.

राहिला रंग. उन्हाळ कांद्याच्या सुक्या सालीसारखा तांबूस तपकिरी रंग बहुतेक ठिकाणी चालतो. एवढे सगळे जमूनही मासा फ्लायजवळ येऊन परत फिरत असेल, तर रंग बदलण्यापूर्वी १४ नंबरच्या हुकावरची फ्लाय काढून १६ किंवा १८ नंबरच्या, म्हणजे आणखी लहान हुकावरची लावून पाहावी.