एक्सेल टेबलमध्ये फॉर्म्युला आपोआप खाली भरत नव्हता, शेवटी सुटलं (माझा अनुभव)

स्टॉकची शीट आहे, कंट्रोल-टी करून टेबल बनवलेलं, 'रक्कम' कॉलममध्ये =[@नग]*[@दर] टाकून एंटर मारलं की फक्त त्याच सेलमध्ये उत्तर यायचं, बाकी कॉलम कोरा, आणि खाली नवीन ओळ टाकली तरी फॉर्म्युला काही येत नव्हता. आधी कॅल्क्युलेशन ऑटोमॅटिक आहे का बघितलं, होतं. टेबल साध्या रेंजमध्ये बदलून परत केलं, फरक शून्य. हाताने खाली ओढलं तर तेवढ्यापुरतं काम व्हायचं, पुढच्या ओळीला परत तेच. दोन दिवस डोकं पिकलं.

उपाय, विंडोजवरच्या एक्सेलमध्ये: फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, मग ऑटोकरेक्ट ऑप्शन्स हे बटण. तिथे 'ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप' टॅबमध्ये सगळ्यात खाली 'फिल फॉर्म्युलाज इन टेबल्स टु क्रिएट कॅल्क्युलेटेड कॉलम्स' याला टिक करा, वरचं 'इन्क्लुड न्यू रोज अँड कॉलम्स इन टेबल' पण चालू ठेवा, दोन्हीकडे ओके.

पण एवढ्याने जुना कॉलम सुधारत नाही, इथेच मी परत अडकलो. हेडिंग सोडून तो अख्खा कॉलम डिलीट बटणाने रिकामा करा, मग एकाच सेलमध्ये फॉर्म्युला परत टाइप करून एंटर. सगळा कॉलम लगेच भरतो आणि नवीन ओळीतही येतो.

फॉर्म्युला भरल्यावर शेजारी जे छोटं चिन्ह येतं त्यातलं 'स्टॉप ऑटोमॅटिकली क्रिएटिंग कॅल्क्युलेटेड कॉलम्स' चुकून दाबलं की हीच टिक जाते, म्हणून तिथे जपून.