बालवाडीतलं पहिलं वर्ष: ऋतूंचे उपक्रम आणि पालकांचा सहभाग

संस्थेच्या बालवाडीत नव्याने रुजू होणाऱ्या ताई-दादांच्या हातात सुरुवातीलाच दोन याद्या येतात. एक वर्षभराच्या उपक्रमांची, दुसरी पालकांच्या फोन नंबरांची. या याद्या एकमेकींपासून लांब राहिल्या की वर्ष ओढून न्यावं लागतं. नफ्यासाठी न चालणाऱ्या बालवाडीत माणसं कमी आणि पैसा मोजका, त्यामुळे रोजच्या पलीकडचं जे काही घडतं ते पालकांच्याच हातून. पालकांनी यावं आणि पुन्हा यावं यासाठी ऋतू हे चांगलं निमित्त आहे. मात्र त्यांना काम करायला बोलवावं, कार्यक्रम बघायला नव्हे.

हा विचार नवा नाही. दुसरं महायुद्ध संपलं त्याच वर्षी, १९४५ साली, इटलीत रेज्जो एमिलियाजवळच्या व्हिला चेल्ला गावातल्या लोकांनी सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशांतून बालशाळा बांधली. त्याच वर्षी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केलं. मुलं शाळेपर्यंत येत नसतील तर शाळेने त्यांच्या अंगणात जावं, हा अंगणवाडीचा विचार तिथून पुढे आला. एका ठिकाणी पालकांनी शाळा उभी केली, दुसऱ्या ठिकाणी शाळा पालकांच्या दारात गेली. तुमची बालवाडी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असेल.

पालकांना काम कसं द्यायचं

‘वेळ असेल तेव्हा मदतीला या’ या निरोपावर कोणी येत नाही. आपण जाऊन नेमकं काय करायचं हेच त्यात नसतं. निरोप असा हवा: ‘मंगळवारी साडेनऊ ते अकरा. दोघे जण हवेत. वाफ्यातली माती मोकळी करायची आहे, खुरपी इथे आहेत, जुने कपडे घालून या.’ दीड तासापेक्षा मोठी पाळी ठेवू नका. दिवसभर नोकरी करणाऱ्यांसाठी घरी नेण्याची कामं वेगळी काढा: फाटलेली चित्रपुस्तकं चिकटवणं, रंगकामाचे अंगरखे धुणं, जुन्या चादरीचे हातभर लांबीचे तुकडे कापणं. वडील आणि आजी-आजोबांची नावंही पाळीच्या तक्त्यात पहिल्या दिवसापासून लिहा. नुसतं ‘पालक’ लिहिलं की सगळ्या पाळ्या आयांच्या वाट्याला येतात.

काही नियम तोंडी न ठेवता लिहून द्या. पाळीला आलेला पालक शिक्षकांच्या संख्येत धरायचा नाही. चार-पाच वर्षांच्या वीस मुलांमागे दोन शिक्षक हवेत म्हणजे हवेतच, पालक त्याशिवाय. कुठलाही पालक मुलांबरोबर एकटा राहणार नाही. शी-शूचं काम फक्त कर्मचारी करतील. फोन कपाटात राहील आणि दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो काढले जाणार नाहीत.

आई किंवा बाबा पाळीला आले की त्यांचंच मूल बिथरतं, याची नव्यांना कल्पना नसते. ते मांडीवरून हलत नाही, नाहीतर आईजवळ आलेल्या दुसऱ्या मुलाला ढकलतं. मूल लाडावलं, असा अर्थ काढू नका. आपलं माणूस अचानक सगळ्यांचं झालेलं त्याला सोसत नाही. अशा पालकाला एका जागी बसून करायचं काम द्या, म्हणजे मूल येऊन-जाऊन राहतं. सबंध वर्गात फिरायचं काम दिलं तर मूल पदराला धरून मागे फिरतं आणि दोघंही दमतात.

सुरुवातीचे दिवस

नवी मुलं एकाच दिवशी सगळी बोलावू नका. पाच-सहा मुलांचे गट करा. पहिले दोन दिवस पाऊण तास, आई-बाबांसह. मग पालक दाराबाहेर. मग हळूहळू पूर्ण वेळ. यात दोन आठवडे जातात आणि ते जाऊ द्यावेत. मुलाचं लक्ष नसताना गुपचूप निघून जायची युक्ती घरचे करतात, ती ठामपणे थांबवा. मूल त्या दिवशी कमी रडतं, पण दुसऱ्या दिवसापासून खेळ सोडून दाराकडे बघत बसतं. ‘मी जाते, खाऊनंतर येईन’ असं सांगून जायचं आणि खाऊनंतर यायचंच.

पाऊस

पावसाळ्याची तयारी म्हणजे प्रत्येक मुलाची कपड्यांची पिशवी: दोन जोड, एक पंचा, ओले कपडे ठेवायला एक पिशवी, आणि सगळ्यांवर नाव. ही पिशवी नसेल तर शिक्षक मुलांना पावसात सोडत नाहीत आणि ऋतू खिडकीतून बघण्यात संपतो.

पर्जन्यमापक करायचा तर वरून खालपर्यंत सारख्याच रुंदीचं, सपाट बुडाचं, पारदर्शक भांडं घ्या. गळ्याशी निमुळती बाटली तशीच ठेवली तर आकडा चुकतो, कारण पाऊस जेवढ्या तोंडातून आत येतो तेवढंच भांडं खाली रुंद नसतं. भांडं झाडापासून आणि वळचणीपासून दूर ठेवा. रोज एकाच वेळी, एकाच मुलाने, पाण्याच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापून भिंतीवर चिकटवायची. चार वर्षांच्या मुलाला मिलिमीटर कळत नाहीत, पण कालची पट्टी आजच्यापेक्षा लांब आहे हे लगेच कळतं. पट्टी लावून झाली की भांडं रिकामं करायचं. आवारातलं साचलेलं पाणी, कुंड्यांखालच्या थाळ्या, टायरचे झोके हेही आठवड्यातून एकदा ओतून कोरडे करा. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. पाण्याच्या खेळाचं घमेलं खेळ संपताच पालथं घाला. काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, म्हणून घमेल्याशेजारचा मोठा माणूस दुसऱ्या कामासाठी उठत नाही.

पेरणी पावसातच होते, आणि नव्यांचा उपक्रम सगळ्यात जास्त वेळा फसतो तो इथेच. पारदर्शक पेल्यात टिपकागदाची गुंडाळी बसवायची, कागद आणि पेल्याची भिंत यांच्यामध्ये बी अडकवायचं आणि तळाशी बोटभर पाणी ठेवायचं. कागद पाणी वर ओढतो. बी पाण्यात बुडालं तर हवेअभावी कुजतं; पेला उग्र वासाचा झाला की असंच झालं समजा. मूग एक-दोन दिवसांत मोड काढतो, रात्रभर भिजवलेला राजमा पाच-सहा दिवस घेतो. पेरणी सोमवारीच करा. शुक्रवारी पेरलं तर मोड सुट्टीत येतो, कागद वाळतो, आणि सोमवारी मुलांसमोर पंचवीस मेलेली बियाणी असतात. प्रत्येक पेल्यात तीन बिया घाला. एकच घातली तर दोन-चार मुलांच्या पेल्यात काहीच उगवत नाही, आणि ते दुःख मुलं वाटतं त्यापेक्षा जास्त दिवस धरून ठेवतात.

शेतीच्या बियाण्याचं पाकीट दान आलं तर ते मुलांच्या हाती देऊ नका. गुलाबी किंवा हिरव्या रंगाचं बी म्हणजे त्यावर बुरशीनाशक चोळलेलं असतं. कच्चा राजमा पोटात गेला तर उलट्या होतात. बी नाकात घालणारं एखादं मूल दर वर्षी असतंच, म्हणून पेरणी चार-पाच मुलांच्या गटात करा आणि बिया मोजून द्या. बी नाकात गेलं तर चिमटा घेऊन मागे लागू नका. ते आणखी आत सरकतं आणि ओलाव्याने फुगतं. सरळ डॉक्टरकडे न्या.

रोप पेल्यातून वाफ्यात जाताना फ्रोबेलची जुनी मांडणी अजून कामाची आहे. १८४० साली ‘किंडरगार्टन’ हे नाव देणाऱ्या या माणसाने बागेत प्रत्येक मुलाचा वेगळा छोटा वाफा आणि भोवती सगळ्यांचे मिळून वाफे सुचवले होते. स्वतःचा वाफा असला की मूल रोज बघायला जातं. सामायिक वाफा पालकांच्या पाळीवर चालतो, आणि कोणाचं रोप मेलं तर त्यातलंच एक उचलून देता येतं. सुट्टीत पाणी घालायला दोन घरांची नावं आधीच ठरवा. एकाच घरावर सोपवलं की नेमकं तेच घर गावाला जातं.

हवा बदलली की साहित्य बदलतं

कणकेच्या गोळ्याचं ठरलेलं प्रमाण असं: दोन कप पीठ, एक कप मीठ, दोन चमचे तेल, आणि पाऊण ते एक कप पाणी, तेही थोडं थोडं घालून. मीठ टिकाऊपणासाठी असतं, शिवाय चव घेणारं मूल दुसऱ्यांदा तोंडात घालत नाही. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं. म्हणून उन्हाळ्यात छान झालेला गोळा पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी हाताला चिकटतो, आणि नवे लोक पीठ वाढवत बसतात. पीठ वाढवून काही होत नाही. त्या महिन्यांत हा गोळा बाजूला ठेवा आणि कुंभारमाती काढा. तिला ओलावा हवाच असतो, ओल्या फडक्यात आणि झाकणाच्या डब्यात ती आठवडे टिकते. थंडीत उलट होतं: हवा कोरडी, मातीच्या वस्तूंना तडे जातात. जाड भाग अंगठ्याएवढाच ठेवायला शिकवा आणि वस्तू सावलीत, कागदाखाली, हळू वाळू द्या. हातावर खरचटलेलं असलं तर मिठाचा गोळा झोंबतो, त्या मुलाला माती द्या. गव्हाची ॲलर्जी असलेलं मूल गटात असेल तर गव्हाचा गोळा कोणासाठीच नको.

थंडी आणि ऊन

थंडीत सर्दी-तापाने हजेरी गळते. ताप आलेलं मूल ताप उतरून चोवीस तास झाल्याशिवाय येणार नाही, हा नियम वर्षाच्या सुरुवातीला सही घेऊन सांगा. ऐन तापात सांगितला तर तो पालकांना आपल्यावरचा आरोप वाटतो. पानं-बिया गोळा करायला याच दिवसांत जा, पण त्या वाटेवरून आदल्या दिवशी स्वतः चालून या. कण्हेर, धोत्रा, रुई आणि गुंज दिसली तर वाट बदला. लाल-काळी गुंज मुलांना फार आवडते आणि चावली गेली तर ती जीवघेणी आहे. पानं आणून नुसती कागदावर चिकटवली की उपक्रम दहा मिनिटांत संपतो. आधी लहान-मोठी लावू द्या, मग कडा गुळगुळीत की दातेरी हे बोटाने बघू द्या, चिकटवणं शेवटी.

सावलीचा खेळ उन्हाचा असला तरी थंडीत जास्त खुलतो, कारण सूर्य खाली असल्याने सावल्या लांब पडतात. फरशीवर मुलाच्या पावलांभोवती खडूने रेघ काढा, मग सावलीभोवती, आणि दोन तासांनी त्याच मुलाला त्याच पावलांत उभं करा. पावलांची खूण राहून गेली तर पुढचं सगळं फुकट. कडक उन्हाळ्यात बाहेरचा वेळ सकाळचा पहिला. घसरगुंडी धातूची असेल तर आधी स्वतःचा तळहात टेकवा. तो टेकवत नसेल तर दोरी बांधून बंद करा. पाणी प्यायला ‘तहान लागली का’ असं न विचारता दर अर्ध्या तासाला सगळ्यांनी मिळून प्यायचं. खेळात गुंगलेल्या मुलाला तहान कळत नाही.

वर्षअखेर आणि पैसा

स्नेहसंमेलनाचा आग्रह बहुतेक समित्या धरतात. आमचं मत स्पष्ट आहे: तीन वर्षांच्या मुलांना रंगमंच नको. तालमी तीन-चार आठवडे खातात, पोशाखाचा खर्च घरांवर पडतो, आणि ऐन वेळी निम्मी मुलं प्रेक्षकांत आई शोधत असतात. त्याऐवजी खुला दिवस ठेवा, दीड तासाचा. घरटी दोन माणसं, दोन पाळ्यांत. मूलच पालकाला कोपऱ्याकोपऱ्यात नेतं: वाफा, पावसाच्या पट्ट्या, माती, पुस्तकं. प्रत्येक कोपऱ्यात दोघांनी मिळून करायचं एक काम ठेवा, नाहीतर पालक भिंती बघून दहा मिनिटांत दाराशी गप्पा मारू लागतात. ज्याचं कोणी येऊ शकत नाही त्या मुलाबरोबर कोण फिरणार, त्याचं नाव आदल्या दिवशी ठरलेलं हवं.

वर्गणीचा आकडा जाहीर करू नका आणि देणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहू नका. बंद पाकीट, ज्याला जमेल तेवढं, आणि पावती प्रत्येकाला. बागेसाठी म्हणून मिळालेले पैसे बागेवरच खर्च झाले पाहिजेत आणि वहीत तसे वेगळे दिसले पाहिजेत. पुढच्या वर्षीची देणगी या वहीवर अवलंबून असते. वस्तूंच्या दानाला ‘काय हवं’ची यादी दारावर लावा: घट्ट झाकणाचे डबे, सुती कापड, बिनधारेची छोटी भांडी. यादी नसली की तुटकी खेळणी आणि अर्धी कोडी येतात, आणि ती निवडण्यात कोणाचा तरी शनिवार जातो.

नोंदीचं काम नव्यांना सगळ्यात जड जातं, कारण ते वर्ग सुटल्यावर सगळ्यांबद्दल लिहायला बसतात. रोज फक्त तीन मुलं निवडा, प्रत्येकी दोन ओळी, पाहिलेलं तेवढंच: ‘आज पाणी ओतताना डावा हात वापरला, सांडलं तेव्हा स्वतः फडकं आणलं.’ ‘हुशार’, ‘खोडकर’ असे शब्द नकोत. वीस मुलांच्या वर्गात आठवडा-दीड आठवड्याने प्रत्येकाची पाळी येते, आणि पालकसभेला प्रत्येक घरासाठी सांगण्यासारखं काहीतरी हातात असतं. त्याच वहीच्या मागच्या पानावर उपक्रमांच्या नोंदी ठेवा: तारीख, किती साहित्य लागलं, काय उरलं, कोणते पालक आले, काय फसलं. वर्ष संपताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर ही वही पुढच्या ताईंना द्यायची असते.