ड्वार्फ सीहॉर्स पाळताय? या चुका टाळा

पाच गॅलनची टाकी शनिवारी आणली, रविवारी खारं पाणी भरलं, बुधवारी कुरिअरने चार ड्वार्फ सीहॉर्स आले, आणि पुढच्या बुधवारी मला मेसेज: "ताई, एक गेला, बाकीचे खात नाहीत. काय करू?" माणसं बदलतात, गावं बदलतात, आज टॅम्पा तर उद्या ह्यूस्टन, मेसेज मात्र तोच. तीच उत्तरं टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी हा प्राणी कोण आहे ते बघा. हिप्पोकॅम्पस झोस्टेरी हा मेक्सिकोच्या आखातात, फ्लोरिडा आणि बहामाच्या किनाऱ्यालगत उथळ समुद्री गवतात राहणारा समुद्रघोडा. पूर्ण वाढला तरी उंची दोन-अडीच सेंटिमीटर. आयुष्य एक वर्ष, फार तर दोन. पोहायला इतका मंद की सगळ्यांत संथ मासा म्हणून त्याचा विक्रम नोंदला गेला आहे. त्याला जठर नाही, दात नाहीत. खाल्लेलं आतड्यातून भराभर पुढे सरकतं, त्यामुळे दिवसभर थोडंथोडं खात राहावं लागतं. शिवाय ते खाणं जिवंत हवं, तोंडासमोर हललं पाहिजे आणि त्या बारीक नळीसारख्या तोंडात मावलं पाहिजे. घरच्या घरी हे जमवायचा भरवशाचा मार्ग एकच, तो म्हणजे आर्टेमिया या इवल्या कोळंबीसारख्या जीवाची नुकतीच अंड्यांतून निघालेली पिल्लं, ज्यांना दुकानात बेबी ब्राइन श्रिंप म्हणतात. रोज, दोन वेळा, तुम्हाला बरं असो वा नसो. फ्रोझन खाणं शिकवता येईल का, असं विचारू नका. मोठ्या जातींना शिकवतात. याच्यासाठी त्या नादी लागून लोकांनी घोडे उपाशी मारले आहेत.

पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकेतल्या मुलांच्या कॉमिक्समध्ये जिवंत समुद्रघोडे पोस्टाने मागवायच्या जाहिराती छापून यायच्या. "सोपा, छोटा, काचेच्या भांड्यात राहणारा पाळीव प्राणी" ही समजूत तेव्हापासूनची, आणि ती काही केल्या मरत नाही.

भारतातून विचारणाऱ्यांना माझं उत्तर एका शब्दाचं आहे: नको. समुद्रघोडे आणि पाइपफिश यांचं अख्खं कुळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे. जाळ्यात चुकून आलेला घोडा बाटलीत घालून घरी आणायचा नसतो, जिवंत असेल तर तिथल्या तिथे समुद्रात सोडायचा असतो. इथून, अमेरिकेतून, बॅगेत घालून नेण्याचे बेत करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, २००४ पासून सगळे समुद्रघोडे साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडता येत नाही.

आता चुका.

मोठी टाकी म्हणजे सुखी मासा

इतर माशांच्या बाबतीत मी हेच सांगेन. इथे नाही. पंचावन्न गॅलनच्या टाकीत आर्टेमिया विरळ पसरते. घोडा तिच्या मागे धावणार नाही, शेपटीने काडी धरून समोर येईल त्याची वाट बघत बसेल. चार-पाच जोड्यांना पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर, पुरतात. उलट टोकाला जाऊन एक गॅलनचा बाऊल घेऊ नका. एवढ्याशा पाण्यात सकाळी राहिलेलं अन्न संध्याकाळपर्यंत अमोनिया होतं.

टाकी सायकल झाल्याशिवाय, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तिच्यात रुजल्याशिवाय, घोडे आणायचे नाहीत. चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. यावर चर्चा नाही.

काचेवरची पांढरी लव

माझा सगळ्यांत जास्त वेळ जिने खाल्ला ती ही चूक.

ऑर्लँडोचं एक जोडपं आहे. दोघंही मेहनती, वाचून-विचारून करणारे. टाकी नीट सायकल केली, टँकमध्येच जन्मलेले घोडे घेतले, आर्टेमिया दोन वेळा. महिनाभरात नराची पिशवी फुगली (समुद्रघोड्यांत गरोदर नर राहतो), पिल्लं झाली, घरात आनंदीआनंद. आणि मग पिल्लं कमी व्हायला लागली. रोज दोन-तीन. मेलेली सापडायचीही नाहीत. नवऱ्याने निष्कर्ष काढला की अन्न कमी पडतंय, आणि आर्टेमिया दुप्पट केली. पिल्लं आणखी वेगाने कमी झाली. मग एक मोठा घोडा शेपटीवर पांढरट जखम घेऊन तळाशी पडलेला दिसला, तेव्हा मला फोन आला.

मी म्हटलं, खोलीतला दिवा बंद कर, टॉर्च काचेच्या बाजूने मार आणि फोटो पाठव. फोटो उघडला आणि कपाळावर हात मारला. मागच्या काचेवर, दगडावर, हीटरच्या वायरवरसुद्धा पांढरी लव उगवली होती. तो म्हणाला, "हो ताई, ते आहे. मागच्या आठवड्यात खरवडलं होतं, परत आलं. छान दिसतं म्हणून ही म्हणाली राहू दे."

ते हायड्रॉइड. जेलीफिश आणि प्रवाळांचे भाऊबंद. बारीक देठ, वर दंश करणाऱ्या सोंडांचा मुकुट. मोठ्या माशाला काही कळतही नाही, पण जन्मताना जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं असलेलं पिल्लू त्यात अडकलं की संपलं. मोठ्या घोड्यांना दंशाच्या जागी जखम होते आणि तीत जिवाणू शिरतात. या लवेचं आवडतं खाणं कोणतं? आर्टेमियाच. म्हणजे पिल्लं मरतात म्हणून हा अन्न वाढवतोय, आणि त्या अन्नावर पिल्लांना मारणारेच पोसले जातायत. वर खरवडणं! एक तुकडा चिकटून राहिला तरी नवी वसाहत उभी राहते, आणि खरवडून त्याने ते तुकडे टाकीभर पसरवले होते. काही जातींची इवलीशी जेलीफिश होऊन पाण्यात तरंगत नवी जागाही शोधते.

आले कुठून? एका मित्राच्या रीफ टँकमधून, म्हणजे प्रवाळांच्या टाकीतून, फुकट मिळालेलं मूठभर कीटोमॉर्फा शेवाळ आणि एक "सुंदर" लाइव्ह रॉक, म्हणजे जीवजंतूंसकट आलेला दगड. फुकटच्या शेवाळाइतकं महाग या छंदात काही नाही.

उपाय आहे. कुत्र्यांचं जंताचं औषध फेनबेंडाझोल, इथे पॅनाक्युर नावाने मिळतं. दहा गॅलनला एक अष्टमांश टीस्पून हे हौशी लोकांत रूढ प्रमाण आहे, म्हणजे पाच गॅलनला त्याच्या निम्मं. पावडर पाण्यात सहज विरघळत नाही. टाकीतलंच थोडं पाणी बाटलीत घेऊन जोरात घुसळायचं आणि मग ओतायचं. घोडे आत राहिले तर चालतं. गोगलगायी मात्र आधी काढा. औषध दगडात मुरून राहतं, त्यामुळे त्या दगडासोबत पुढेही काही गोगलगायी, नळीतले किडे आणि प्रवाळ टिकत नाहीत. आणि मेलेली लव कुजते, हे लोक विसरतात. पुढचे काही दिवस रोज अमोनिया मोजा आणि पाणी बदला. त्या जोडप्याची टाकी औषधाने नाही, औषधानंतरच्या आळसाने जायची वेळ आली होती. रविवारी पाहुणे होते म्हणे.

माझी स्वतःची सवय थोडी अतिरेकी आहे. लाइव्ह रॉक मी घेतच नाही, कोरडा दगड घेते. टाकी सायकल झाली की घोडे यायच्या आधीच एकदा फेनबेंडाझोल देऊन मोकळी होते. नवं शेवाळ आणलं की ते वेगळ्या बरणीत महिनाभर ठेवते आणि त्या बरणीत रोज थोडी आर्टेमिया टाकते. हायड्रॉइड असतील तर पोट भरल्यावर तोंड दाखवतात. एवढी वाट बघवत नसेल तर प्लॅस्टिकची झाडं घ्या. घोड्याला शेपूट गुंडाळायला काडी लागते, ती खरी आहे की खोटी याची तो चौकशी करत नाही.

आर्टेमियाची बाटली

दुसरी लाडकी चूक. लोक घोड्यांवर शंभर डॉलर घालतात आणि अंडी सगळ्यांत स्वस्त डब्यातली घेतात, तोही गॅरेजमधल्या दमट फडताळात ठेवतात. मग "उबत नाहीत". अंडी हवाबंद, फ्रिजमध्ये.

दोन लिटरची सोड्याची बाटली उलटी, तळ कापलेला, एअर पंपाची नळी बुचापर्यंत पोचलेली. खारं पाणी, २६-२८ अंश सेल्सिअस, दिवा चालू, हवा इतकी जोरात की एकही अंडं तळाशी बसता कामा नये. अठरा ते चोवीस तासांत नारिंगी ढग दिसतो. मी दोन बाटल्या बारा तासांच्या अंतराने लावते. एक फसली तरी दुसरी असते.

सालपटं टाकीत जाऊ देऊ नका, पिल्लांच्या आतड्यात अडकतात. हवा बंद केली की सालपटं वर तरंगतात, न उबलेली अंडी खाली बसतात. मधला थर नळीने काढायचा. मी तर अंड्यांचं कवच आधीच ब्लीचने उतरवते. तासभर गोड्या पाण्यात भिजवायची, मग बिनवासाचं साधं ब्लीच घालून ढवळत राहायचं. रंग तपकिरी, मग राखाडी, मग नारिंगी होतो. नारिंगी दिसताच थांबायचं, बारीक जाळीत ओतून वास जाईपर्यंत धुवायचं आणि वर क्लोरीन घालवणारं थायोसल्फेटचं डिक्लोरिनेटर. भांडं तापतं, बर्फ जवळ ठेवा. त्या वेळी फोन उचलू नका. मिनिटभर जास्त झालं की आतला जीवही जातो.

आता पोषण. आर्टेमियाला पाजायच्या पोषक द्रावणाच्या डब्यावर "फॅटी ॲसिड" वाचलं की लोक ते अंड्यांबरोबरच बाटलीत ओततात. नुसता फेस होतो आणि पाणी नासतं. आर्टेमियाच्या ताज्या पिल्लाचं तोंडच उघडलेलं नसतं, ते पोटातल्या बलकावर जगतं. आठ-बारा तासांनी एकदा कात टाकली की मगच ते बाहेरचं खाऊ लागतं. म्हणजे दोनच पर्याय: ताजी, बलकासकट द्या, किंवा कात टाकेपर्यंत थांबा, मग ते द्रावण पाजा आणि द्या. मधल्या वेळेतली उपाशी आर्टेमिया म्हणजे नुसती हलणारी टरफलं. जास्त झाली तर फ्रिजमध्ये ठेवा, थंडीत बलक हळू संपतो. आणि कृपा करून बाटलीतलं पाणी टाकीत ओतू नका. ते जिवाणूंचं सूप असतं. गाळा, धुवा, मग द्या.

बाकीच्या, थोडक्यात

पंपाचा फिल्टर नको, स्पंज फिल्टर घ्या. पंपाचा फिल्टर आर्टेमिया आणि पिल्लं दोन्ही ओढतो.

बारीक बुडबुड्यांचा एअरस्टोन काढून टाका. पिल्लं हवा गिळतात आणि वर तरंगत राहतात.

उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी घालू नका. मीठ उडत नाही. आरओचं गोडं पाणी, रोज, थोडंथोडं.

हीटरला जाळीचं कव्हर. घोडा त्यालाच शेपूट गुंडाळतो. तापमान २२ ते २४ अंशांत ठेवा. आमच्या फ्लोरिडात उन्हाळ्यात प्रश्न हीटरचा नसतो, एसीचा असतो.

सोबतीला दुसरा मासा? नाही. निमो? नाही. खेकडा? तुम्ही वर काय वाचलंत?

गरोदर नराचे लाड

दहा-बारा दिवसांत बाळंतपण होतं, आणि लोक त्या आधी नराला कपात काढून वेगळ्या डब्यात हलवतात. कशासाठी? मोठ्या जातींपैकी काहींची पिल्लं पाण्यावर तरंगत फिरतात, त्यांना वेगळं ठेवावं लागतं. याची पिल्लं जन्मताच काडी पकडतात, आईबापांचीच आर्टेमिया खातात आणि आईबाप सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. हलवाहलवीने जोडी मात्र तुटते. तसंही बाळंत झालेला नर एक-दोन दिवसांत पुन्हा गाभण राहतो. म्हणूनच सुरुवातीला दहा जोड्या घेणाऱ्यांना मी हात जोडते. दोन घ्या. बाकीचे तेच पुरवतील.

दीड वर्षाचा घोडा मंदावला, खाणं कमी झालं, की औषधांच्या बाटल्या बाहेर येतात. म्हातारा झालाय तो. सोडा त्याला.

भारतवारी

डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला जायचं तिकीट काढलं आहे आणि टाकी नोव्हेंबरात सुरू केली आहे, असे लोक मला दरवर्षी भेटतात. जिवंत आर्टेमिया ऑटोफीडरमधून पडत नाही. शेजाऱ्याला किल्ली आणि चिठ्ठी देऊन भागत नाही. चिठ्ठीत "थोडी आर्टेमिया घाला" लिहिलेलं असतं, आणि थोडी म्हणजे किती हे आपल्यालाही शिकायला महिने लागलेले असतात. मी जायच्या आधी दोन आठवडे शेजारणीला रोज संध्याकाळी बोलावते. बाटली तिनेच लावायची, तिनेच गाळायची, मी फक्त बघणार. प्रत्येक दिवसाची अंडी मोजून वेगळ्या पुड्यांत. मागच्या खेपेला परत आले तर टाकी ठणठणीत होती आणि शेजारणीला स्वतःची टाकी हवी होती. मी सांगितलं, आधी दोन महिने नुसती आर्टेमिया काढ, सकाळ-संध्याकाळ, एकही नागा नको. तोवर घोड्यांचा विषय काढायचा नाही. सध्या ती माझ्याशी जरा तुटकच बोलते आहे.