लांबलचक ‘ली’वाले शब्द: वाइनरीत गाइड म्हणून येणाऱ्यांसाठी

नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बाजूच्या वाइनरींमध्ये गाइडच्या नोकरीला येणारी मुलंमुली बरीचशी मराठी माध्यमातली असतात. कुणी सिडकोतली, कुणी दिंडोरी-निफाडकडची. द्राक्षं त्यांना शिकवावी लागत नाहीत, घरचीच बाग असते. यीस्ट साखरेचं अल्कोहोल कसं करतं हेही लवकर सांगायला लागतात. अडतात ती ‘जिओग्राफिकली’, ‘अप्रॉक्सिमेटली’, ‘अनफॉर्च्युनेटली’ अशा शब्दांपाशी. परदेशी पाहुण्याने एकदा ‘सॉरी?’ म्हटलं की पुढची सगळी टूर खालच्या आवाजात होते. नव्यांचं टूरचं बोलणं मी बसवून देते, त्यातलंच हे थोडं.

आधी एक सांगते, पाठ करायला यादी मागू नका. छाटणीच्या वेळी काडीवरचे डोळे मोजून कात्री लावतात, तसा लांब शब्द शेवटाकडून मोजत यायचा. ‘अनफॉर्च्युनेटली’तली ‘ली’ काढा, पुढचा ‘अन’ काढा, मागचा ‘एट’ काढा. उरतं फॉर्च्युन, म्हणजे नशीब. आपण ‘अप्रामाणिकपणे’ म्हणतो तेव्हा वेगळं काय करतो? प्रामाणिक, त्याला पुढून ‘अ’, मागून ‘पणे’. शब्द लांब झाला म्हणून कुणी घाबरत नाही.

खरी अडचण जोराची आहे. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्याच वजनाने म्हणतो. इंग्रजीत एका सिलॅबलवर, म्हणजे एका दमात म्हटल्या जाणाऱ्या शब्दाच्या तुकड्यावर, ठळक जोर पडतो, बाकीची दबतात. जोर भलतीकडे गेला की ऐकणाऱ्याला शब्दच ओळखू येत नाही. यात ‘ली’ बिचारी निरुपद्रवी, ती सहसा जोर हलवत नाही. हलवतो तो तिच्या आधीचा प्रत्यय. ‘इक’ आला की बहुतेक वेळा जोर त्याच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर जातो. ‘जिऑग्रफी’त तो ‘ऑ’वर असतो, ‘जिओग्राफिक’मध्ये सरकून ‘ग्रा’वर येतो आणि ‘जिओग्राफिकली’त तिथेच राहतो. ‘सायन्स’चा जोर ‘साय’वर, ‘सायंटिफिकली’चा ‘टि’वर. ‘शन’चंही तसंच: ‘ट्रॅडिशनली’त ‘डि’, ‘इंटरनॅशनली’त ‘नॅ’. याउलट ‘फुल’ आणि ‘लेस’ काहीच हलवत नाहीत, म्हणून ‘ब्यूटिफुली’चा जोर ‘ब्यू’वरच. मूळ शब्दावर बोट ठेवून बसू नका, ‘ली’च्या आधी काय आहे ते बघा.

‘इक’वाल्यांची आणखी एक खोड. लिहिताना त्यांना ‘ली’ थेट लागत नाही, मध्ये ‘ए-एल’ घालावे लागतात, आणि बोलताना तेच गिळायचे. ‘स्पेसिफिकली’ कागदावर पाच सिलॅबल, तोंडात चार. ‘पब्लिकली’ मात्र अपवाद, तिथे लिहिताना ‘ए-एल’ नाहीतच.

आपल्याकडे सर्रास ऐकू येणारा उच्चार म्हणजे शेवटी लांब ‘मेटली’, ‘नेटली’, ‘एटली’. क्रियापदात हा ‘एट’ लांबच असतो: टू सेपरेट. विशेषण झालं की तो आखडतो, आणि ‘ली’ लागते ती विशेषणाला. म्हणून ‘अप्रॉक्सिमट्ली’, ‘इमीडिअट्ली’, ‘अनफॉर्च्युनट्ली’. एवढं जरी सुधारलंत तरी बोलण्यात फरक जाणवेल. बाकी व्याकरण नंतर बघू.

टेस्टिंगच्या शेवटी म्हणायचं ‘ड्रिंक रिस्पॉन्सिबली’ हे यात सगळ्यात सोपं. ‘रिस्पॉन्सिबल’चे शेवटचे ‘एल-ई’ जाऊन ‘एल-वाय’ येतात, सिलॅबल चारचे चारच. जंटल-जंटली, सिंपल-सिंपली तसेच.

‘नेसेसरिली’ आणि ‘प्रायमरिली’वर वाद घालू नका. अमेरिकी पाहुणा ‘नेसेसरिली’त तिसऱ्या सिलॅबलवर आणि ‘प्रायमरिली’त (तो ‘प्रायमेरिली’ म्हणतो) ‘मे’वर जोर देतो, जुन्या ब्रिटिश वळणाचा माणूस पहिल्यावर. दोन्ही बरोबर. एक धरा आणि तेच वापरा.

कुणीतरी विचारतंच, की मग ‘फ्रेंडली’ला क्रियाविशेषण का म्हणत नाहीत. जुन्या इंग्रजीत विशेषणाचा प्रत्यय ‘लिच’ होता आणि क्रियाविशेषणाचा ‘लिचे’. झिजत झिजत दोन्हींची ‘ली’ झाली. फ्रेंडली, लव्हली, लोनली ही पहिल्या घरातली. म्हणून ‘ही स्पोक फ्रेंडली’ चालत नाही, ‘इन अ फ्रेंडली वे’ म्हणा. ‘हार्डली’पासूनही जपा. जानेवारी ते मार्च तोडणीत आम्ही राबतो, हे सांगताना ‘वी हार्डली वर्क’ म्हणालात तर अर्थ निघतो की आम्ही जवळपास कामच करत नाही.

शंका आली की डिक्शनरी उघडा. उच्चाराच्या कंसात सिलॅबलच्या आधी वरच्या बाजूला एक उभी बारीक रेघ असते, तिच्या लगेच पुढच्या सिलॅबलवर जोर. फोनवरही दिसते, पण 1840 पासूनच्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात बसून जाडजूड डिक्शनरी चाळण्यात वेगळी मजा आहे. एका शब्दाची सगळी भावंडं एकाच पानावर भेटतात.

तिथेच ‘ऑर्गनोलेप्टिकली’ही सापडेल, चव-वास-रंगावरून पारखण्यासाठीचा शब्द, जोर ‘लेप’वर. ‘इक’चा नियम कळला असेल तर पहिल्याच वाचनात नीट म्हणाल. पाहुण्यांसमोर मात्र ‘बाय टेस्ट अँड स्मेल’ म्हणा, ग्लास पुढे करा आणि त्यांना वास घेऊ द्या.