काचबिंदूचे ड्रॉप्स नीट कसे टाकायचे

डॉक्टर सांगतात रोज रात्री एक थेंब, आपण मान डोलावतो, मेडिकलमधून ती एवढीशी बाटली घेतो आणि घरी येतो. तो एक थेंब डोळ्यात नेमका पाडायचा कसा हे बहुतेकांना कोणी हाताला धरून दाखवलेलंच नसतं, त्यामुळे कितीतरी घरांत महागडं औषध वर्षानुवर्षं गालावरून ओघळून जातंय. माझ्या आईला हे ड्रॉप्स चालू आहेत आणि रात्री मीच टाकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, हे ड्रॉप्स टाकून काहीही बरं वाटणार नाही. डोळा आधी दुखत नव्हता आणि आताही दुखत नाही, दिसायचं तेवढंच दिसतं, उलट थोडी आग होते, मग माणूस म्हणतो कशाला हे. डोळ्याचं प्रेशर साधारण १० ते २१ मध्ये असतं, ते वाढलं की डोळ्यामागची नस हळूहळू खराब होत जाते (काहींची तर आकडा नॉर्मल असूनही होते) आणि नजर बहुतेक वेळा कडेने जायला लागते, समोरचं बराच काळ नीट दिसत राहतं म्हणून कळतच नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की पुन्हा दिसायला लागतं, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. ड्रॉप्स राहिलेली नजर टिकवायला आहेत, आणि प्रेशर आटोक्यात आलंय म्हणून स्वतःच बंद केले की ते पुन्हा चढतं.

आता प्रत्यक्ष टाकायचं कसं.

हात साबणाने धुवा. बाटलीवरचं नाव वाचा, घरात दोन-तीन सारख्या बाटल्या असतील तर झाकणावर मार्करने खूण करून ठेवा. ब्रिंझोलामाइडसारखं दुधी औषध असेल तर बाटली आधी हलवायची. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा आणि पंधरा मिनिटांनीच परत घाला.

पलंगावर आडवं व्हा किंवा खुर्चीत बसून मान मागे टाका. एका हाताच्या बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढा, तिथे एक छोटा खिसा तयार होतो, थेंब त्या खिशात पाडायचा, बुबुळावर नाही. नजर वर छताकडे. बाटली डोळ्याच्या वर धरायची पण तिचं तोंड पापणीला, केसांना, बोटाला, कशालाच लागता कामा नये, लागलं की जंतू आत जातात आणि तीच बाटली आपण महिनाभर वापरतो. हात थरथरत असेल तर बाटलीवाल्या हाताचं मनगट कपाळावर टेकवा, हात बराच स्थिर राहतो. हलकं दाबा, एकच थेंब. डोळ्यात एकावेळी एका थेंबापेक्षा जास्त मावतच नाही, दुसरा टाकला तर तो बाहेरच जाणार. मात्र पहिला गालावर पडला याची खात्री असेल तर पुन्हा टाका.

डोळा उघडा ठेवायला भीतीच वाटते अशी माणसं असतात, त्यांनी सरळ उताणं झोपावं, डोळे मिटावेत, नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब टाकावा आणि मग डोळा उघडावा, औषध आत जातं.

यानंतरची पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. थेंब पडला की डोळा अलगद मिटायचा, घट्ट आवळायचा नाही, उघडझाप करायची नाही, आणि नाकाच्या बाजूचा डोळ्याचा कोपरा बोटाने दोन मिनिटं हलका दाबून धरायचा. तिथून अश्रूंची नळी नाकात उतरते, ड्रॉप टाकल्यावर घशात कडू लागतं ते याच वाटेने. कोपरा दाबला की औषध डोळ्यात जास्त वेळ राहतं आणि अंगात कमी जातं. टिमोलॉल असेल तर हे फारच गरजेचं, कारण ते रक्तात गेलं की नाडी मंदावू शकते, दम लागू शकतो. दमा किंवा हार्टचा त्रास असलेल्याने हे डोळ्यांच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं, थेंबाने काय होतंय असं समजून गप्प बसू नका.

दोन वेगवेगळे ड्रॉप्स असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, दहा असतील तर उत्तम, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. जेल किंवा मलम असेल तर ते शेवटी.

वेळ पाळायला मोबाईलचा अलार्म आहेच, पण रोज न चुकता होणाऱ्या कामाला जोडलं की जास्त टिकतं, आमच्याकडे रात्रीची बीपीची गोळी आणि ड्रॉप एकत्र ठेवलेत. चुकलाच तर आठवल्यावर टाका, दुसऱ्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, डबल टाकू नका.

बाटलीवरूनही बरंच कळतं. लॅटानोप्रोस्टची अडीच-तीन मिलीची बाटली दोन्ही डोळ्यांना रोज एकेक थेंब धरून साधारण महिनाभर पुरते. पंधरा दिवसांत संपली तर थेंब बाहेर पडतायत, दोन महिने चालली तर रात्री चुकतायत. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा आणि लेबलवर दिलेल्या मुदतीनंतर, बहुतेक वेळा चार आठवड्यांनी, उरलेलं असलं तरी टाकून द्या. न उघडलेल्या काही बाटल्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात, ते लेबलवर असतं.

लॅटानोप्रोस्ट, बिमाटोप्रोस्ट या गटाने डोळा लालसर होतो, पापण्यांचे केस लांब होतात, पापणीची कातडी काळपट दिसते, यात घाबरायचं काही नाही पण डॉक्टरांच्या कानावर घाला. ब्रिमोनिडीनने झोप येते, तोंड कोरडं पडतं, कधीकधी ॲलर्जी होऊन डोळा फार खाजतो. नको वाटलं तर औषध बदलून मिळतं, खर्च झेपत नसेल तर तेही सांगा, स्वस्त पर्याय असतात. न सांगता बंद करणं मात्र नको.

आणि एक, डोळे आले किंवा लाल झाले म्हणून मेडिकलवाल्याने दिलेले ड्रॉप्स कृपया टाकू नका, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं आणि स्टिरॉइडनेच डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं. डोळा अचानक भयंकर दुखला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, सोबत उलटी झाली तर सकाळची वाट न बघता तडक हॉस्पिटल.

तपासणीच्या दिवशी ड्रॉप्स नेहमीसारखे टाकूनच जा, नाहीतर औषध लागू पडतंय की नाही हे डॉक्टरांना कळणार कसं. सगळ्या बाटल्या सोबत न्या आणि एकदा त्यांच्यासमोर थेंब टाकून दाखवा. पेशंटच्या भावाबहिणींनी आणि चाळिशी ओलांडलेल्या मुलांनीही आपलं प्रेशर आणि डोळ्याची नस तपासून घ्यावी, हा आजार घराण्यात चालतो, त्यामुळे माझीही तपासणी आता आईच्याच तारखेला होते.